उभ्या गाडीचा निम्मा दोष

दसऱ्याच्या सकाळी कराडच्या इंदुमती कोपर्डे यांनी गाडी धुऊन दाराशी उभी केली, तिला झेंडूचा हार घातला आणि कुंकू आणायला त्या आत वळल्या. तेवढ्यात एका टेम्पोने येऊन गाडीची डिकी चेपली. आणि आता दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या ऑफिसात घारपुरेसाहेब म्हणत होते, "निम्मा दोष तुमचाही धरावा लागेल, बाई."

"माझा? अहो, गाडीत कुणी बसलंसुद्धा नव्हतं!"

"पण गाडी तिथं नसती, तर टेम्पो धडकला असता का?" साहेब खुर्चीत रेलले. "निम्मं नुकसान तुमच्याच विम्यातून जाणार. म्हणजे यंदाची सूट गेली आणि पुढचा हप्ता वाढला. नियम म्हणजे नियम."

इंदुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं बिनबोभाट हप्ते भरले, ते हे ऐकायला? पण त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"ती हार घातलेली पांढरी गाडी तुमचीच ना? बरोब्बर माझ्या गाडीमागे लावलीय. मला गाडी मागे घेणं जरा कमीच जमतं. लागली, तर निम्मा दोष तुमचा धरू हं!" आणि त्या जिन्याकडे निघाल्यासुद्धा.

साहेब ताडकन उठले. "अहो, थांबा! माझी गाडी नुसती उभी आहे! उभ्या गाडीचा कसला आलाय दोष?"

सगळं ऑफिस माना वर करून बघू लागलं.

इंदुमतीबाई मागे फिरल्या. आपला अर्ज त्यांनी साहेबांपुढे सरकवला.

"आत्ता बोललात ना, तेच इथं लिहा. आणि खाली सही करा."