पंपाच्या पोटाखालचं भोक

फार पूर्वी, आमच्या पेठेत गुळाच्या ढेपा नुकत्याच ट्रकनं येऊ लागल्या होत्या, तेव्हा यंत्रंसुद्धा आपसात बोलत. अशाच एका डिझेल ट्रकचा पाण्याचा पंप घाटाच्या पायथ्याशी ठिबकू लागला. त्याच्या पोटाखाली बारीक भोक होतं, त्यातून थेंब पडत होते.

इंजिन खेकसलं, "चारचौघांत काय गळतोस रे? ड्रायव्हरनं बघितलं तर भंगारात जाशील. भोकावर चिखल बसू दे आणि गप्प राहा!"

"दादा, भंगाराचं भय मलाही आहे," पंप म्हणाला. "पण आतलं सील फाटलंय. भोक बुजलं तर पाणी बेअरिंगात शिरेल, मी जाम होईन, तुला गार ठेवणारं पाणी फिरायचं थांबेल आणि चढावर तू जळशील." तो ठिबकत राहिला.

ड्रायव्हर सर्जेरावांना थेंब दिसले. त्यांनी ट्रक जानबा मिस्त्रींच्या गॅरेजात घातला. मिस्त्रींनी पट्टा सैल केला, बोल्ट काढून जुना पंप कोपऱ्यात ठेवला आणि खोक्यातून नवा काढला. त्यालाही तेच भोक!

"अहो मिस्त्री, कोरा माल आणि भोकासकट?"

"सर्जेराव, ते कारखान्यातच पाडतात. आतलं बिघडलं की बाहेर दिसावं म्हणून."

इंजिन थक्क झालं. आपल्या अंगात मणामणाचं लोखंड, पण असं एवढंसं भोक कुठंच नाही!

नवा पंप बसला, ट्रक निघाला. कोपऱ्यातल्या जुन्या पंपातून शेवटचा थेंब पडला. त्याच्या समोरून जाताना इंजिनानं आयुष्यात पहिल्यांदाच आपला आवाज खाली आणला.