शंभर कोसांची गाडी

फार फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात प्रत्येक बैलगाडीच्या चाकाशी लाकडी चकती बसवायची पद्धत होती. गाडी एक कोस चालली की चकती एक दाता पुढे सरके. जुनी गाडी विकताना कोणी खोटं बोलू नये म्हणून राजानं ही युक्ती काढली होती. तेव्हापासून विकणाऱ्यांना खोटं बोलायची गरजच उरली नाही. त्यांच्या वतीनं चकती बोलू लागली.

त्या राज्यात एक कासारीण होती. तिच्या लेकीचे दिवस भरले होते आणि सुईण राहायची घाटाखालच्या गावात. लेकीला तेवढं चालवत नव्हतं. शेजाऱ्यांनी बैल दिले, पण गाडी कोणाकडे नव्हती. म्हणून बैल पुढे घालून, लेकीचा हात धरून ती गाड्यांच्या दलालाकडे आली.

दलालानं रंगवलेली एक गाडी पुढे केली. "बघा मावशी, अवघे शंभर कोस. गाडी नाही, नवरी आहे."

कासारिणीला आकडा आवडला. गरजेच्या वेळी आकडे लवकर आवडतात. पण गाडीवानाच्या पायफळीवर हात ठेवला, तर टाचेच्या जागी खळगा लागला.

"दादा, फळी इतकी झिजली कशानं?"

"आधीचा मालक जाडा होता."

"आणि कासरा अडकवायच्या खुंटीला ही घळ?"

"भित्राही होता. सारखा आवळून धरायचा."

ती वाकून चकती पाहू लागली. चाकाच्या मधला तुंबा वर्षानुवर्षांच्या वंगणानं काळा पडला होता. चकती मात्र लख्ख होती आणि तिच्या खिळीभोवती ताजे ओरखडे होते.

"ही कोणी उपसली होती का?"

"उंदीर फार आहेत आमच्याकडे. मावशी, लेक अशी अवघडलेली आणि तुम्ही ओरखडे बघताय? बाहेर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

तेवढ्यात लेकीला कळ आली. तिनं ओट्याचा आधार घेतला. हो म्हणावं आणि निघावं, असं कासारिणीला फार वाटलं. मग तिला घाटातली दरी आठवली.

"घेते," ती म्हणाली. "पण घाटातलं पहिलं वळण तुम्ही हाका. लेक इथंच बसेल, मी मागून चालत येते."

"मी कशाला?"

"नवरी म्हणालात ना? मग पाठवणीला घरचं माणूस नको?"

गाड्या बघायला जमलेली मंडळी हसली. हसणाऱ्यांपुढे दलालाला मागे फिरता येईना.

गाडी घाटाच्या तोंडाशी आली. उतार लागताच चाकांमधला आस कण्हला. बैलांनी आणखी एक पाऊल टाकलं आणि चाक दरीच्या अंगाला कललं. दलालानं खाली पाहिलं. तळ दिसत नव्हता. आसातून बारीक कडकड आली.

त्यानं कासरा खेचला, उडी टाकली आणि तो बैलांपुढे उभा राहिला. म्हणाला, "हजारावर कोस झालेत. आसाला चीर आहे. चकती मी मागे फिरवली."

कासारिणीनं एवढंच विचारलं, "तुमची बायकामुलं कुठल्या गाडीतून जातात?"

दलालानं घरामागची आपली गाडी आणली. तिच्या चकतीवर भलामोठा आकडा होता आणि आस नवाकोरा. तीत लेकीला निजवून त्यानं स्वतः गाडी घाटाखाली उतरवली. लेक वेळेत सुइणीच्या दारी पोचली.

त्यानंतर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी दलालालाच गाडीत बसवून घाटाकडे नेऊ लागलं. उरलेलं आयुष्य त्यानं आपल्याच मालावर बसून दरी बघण्यात घालवलं. त्याच्या गाड्यांचे आस मात्र आश्चर्य वाटावं इतके सुधारले.

तात्पर्य इतकंच: वस्तू किती वापरली हे आकड्याला जरूर विचारावं, पण उत्तर तिच्या झिजेकडून घ्यावं.