ठकूबाईचा गिलावा

डोंगराच्या कुशीतल्या वेळूखिंड गावी अचलनाथ महाराजांचा मठ होता. मठाची मागची भिंत डोंगराला लागूनच होती आणि तिच्यापाशी महाराजांच्या गुरूंच्या पादुका होत्या. एके वर्षी उत्सव तोंडावर आला आणि नेमका त्या भिंतीचा गिलावा फुगला. पोपडे सुटून थेट पादुकांवर पडू लागले!

बाजारगावाहून दादाजी मिस्त्री आले. त्यांचा हात सफाईचा, पण तोंड हाताहून जास्त चालायचे. सुटलेले पोपडे तेवढे खरवडून त्यांनी वरून चुन्याचा पातळ हात ओढला. भिंत कशी आरशासारखी झाली!

ठकूबाई शेजारी चुना मळत होती. तिचा नवरा गवंडी होता. तो गेल्यापासून ती मठात पडेल ते काम करी. तिने सहज बोटांनी भिंत वाजवली, मग कान लावून पुन्हा वाजवली.

"मिस्त्री, आतून पोकळ वाजतेय. जुना गिलावा पार दगडापर्यंत काढाया हवा."

मिस्त्री खदाखदा हसले. "चूल सारवणारीनं आता मला भिंत शिकवायची? जा, भाकऱ्या थाप!"

जमलेली मंडळीही हसली. ठकूबाई मान खाली घालून पुन्हा चुना मळू लागली. डोळ्यांतले पाणी तिने कोणाला दिसू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो सगळा नवा थर जमिनीवर! "भिंतच करंटी आहे," मिस्त्री म्हणाले. "हिच्यावर ब्रह्मदेवाचा चुनासुद्धा टिकायचा नाही."

महाराजांनी ठकूबाईला हाक मारली. "ठकू, भिंत तुला काय म्हणाली?"

"मला उघडी कर म्हणाली, महाराज."

"मग कर की!"

नाम घेत ठकूबाईने छिन्नी चालवली. दुपारपर्यंत दगड उघडे पडले आणि त्यांच्या सांध्यांतून भळाभळा पाणी वाहू लागले. तिने चिंध्या कोंबल्या, पदर दाबून धरला. पण पाणी थांबेना. पादुका उचलून वर ठेवाव्या लागल्या.

"केलंस वाटोळं!" मिस्त्री गरजले. "उद्या उत्सव आणि मठात तळं!"

ठकूबाई महाराजांकडे धावली. "महाराज, माझ्यापायी गुरूंची जागा भिजली हो!"

महाराज मात्र हसत होते. ओल्या दगडांवर तळहात टेकून, लेकीशी बोलावे तसे ते म्हणाले, "गंगामाई, किती वर्षं कोंडून राहिलीस गं! आता ये, पण बाहेरच्या अंगानं ये. आमच्या ठकूला काम करू दे."

काय नवल सांगावे! वाहणारी धार तिथेच थबकली. ठकूबाईने भीत भीत दगडाला हात लावला, तर तो उन्हात तापल्यासारखा कोरडा, उबदार! एवढ्यात अंगणातून बायकांचा कालवा उठला. मठाशेजारचे दगडी कुंड कोणाच्याही आठवणीत कधी भरलेले नव्हते. त्यात निर्मळ पाणी चढत होते. नदीवर निघालेल्या बायका वाटेतूनच परतल्या आणि घागरी बुडवू लागल्या.

मग ठकूबाई थांबली नाही. जाड थर, त्यावर बारीक थर आणि शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटाई. बायका घमेली उचलून देत होत्या, ओव्या गात होत्या. दिवस मावळायच्या आत भिंत पुरी झाली, आणि महाराजांच्या कृपेने ओला चुना वाळूनही गेला.

दादाजी मिस्त्री पुढे आले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी भिंत वाजवून पाहिली. एकही जागा पोकळ निघाली नाही. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, भिंत मलाही सांगत होती. मी ऐकलंच नाही."

महाराज म्हणाले, "मिस्त्री, जिनं ऐकलं ती तिकडे उभी आहे."

मिस्त्री उठले आणि सगळ्या गावादेखत ठकूबाईपुढे वाकले. ती गडबडून गेली. "अहो दादा, हे काय करता!" म्हणत तिने त्यांना खांद्यांना धरून उठवले. त्यांच्या कोऱ्या अंगरख्यावर चुन्याची दहा बोटे उमटली. मिस्त्रींनी ती झटकली नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्सवात तोच अंगरखा घालून ते सर्वांच्या पुढे नाचले.