उष्ट्या झाडाचं बी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलत आणि माणसंही हातातलं काम बाजूला ठेवून त्यांचं ऐकत. तेव्हा आपल्याकडे टोमॅटो कुठे होता, असं कुणी शहाण्याने विचारू नये. या गोष्टीतल्या गावात होता.

नदीकाठच्या त्या गावात एक माळी आणि त्याची माळीण राहत. त्यांच्या मळ्यातल्या टोमॅटोची ख्याती पार राजधानीपर्यंत गेली होती. जिभेवर ठेवला की आधी आंबट, मग गोड, आणि गिळून झाल्यावरही थोडा वेळ तोंडात रेंगाळणारा. हंगामातलं पहिलं फळ माळी बांधावर बसून हाताने फोडायचा, त्यावर मीठ भुरभुरवायचा आणि अर्धं माळणीपुढे धरायचा.

"तुझं मोठं," असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि ते खरोखरच मोठं असायचं.

या टोमॅटोचं बी माळी स्वतः तयार करी. मळ्याच्या एका कोपऱ्यात त्याने लहान, पिवळ्या, आंबट टोमॅटोची झाडं राखली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोठ्या, लाल, गोड टोमॅटोची. पिवळ्याची कळी तो हलक्या हाताने उघडायचा आणि तिला लाल टोमॅटोच्या फुलातले पराग लावायचा. त्या कळीला धरलेल्या फळातलं बी पेरलं, की तो नामांकित टोमॅटो येई. हे काम दरवर्षी नव्याने करावं लागे, आणि माळी ते हौसेने करी.

एका पावसाळ्यात माळी तापाने गेला. त्याच महिन्यात नदीला पूर आला आणि दोन्ही कोपऱ्यांतली झाडं, बियाण्याच्या गाडग्यांसकट मळ्यातलं खोपट, सगळं वाहून गेलं. घरामागे उंचावर त्या नामांकित टोमॅटोची चार झाडं तेवढी वाचली. त्यांच्यावर माळ्याच्या हातची शेवटची फळं होती.

माळणीने त्या फळांतलं बी काढलं, राखेत घोळवलं, गाडग्यात भरलं आणि वर फडकं बांधलं. माणूस गेला, पण त्याची चव घरात आहे, या विचाराने तिला त्या रात्री झोप लागली.

थंडी पडल्यावर तिने त्यातलं निम्मंअधिक बी पेरलं. झाडं तरारली, फळं धरली, आणि माळीण बघतच राहिली. जितकी झाडं तितक्या तऱ्हा! एकावर पिवळे गोटे, दुसऱ्यावर भोपळ्याएवढे लाल, तिसऱ्यावर तडे गेलेले, चौथ्यावर नुसतीच पानं.

शेजारची म्हातारी काठी टेकत आली आणि हसून म्हणाली, "अगं, बियांना आजी-आजोबा आठवलेत! कुणी आजीचं नाक घेतलंय, कुणी आजोबांचा राग. घाबरू नकोस. मनासारखं झाड निवड, त्याचंच बी धर, पुन्हा पेर, पुन्हा निवड. चार-सहा वर्षांत वळणावर येतील."

माळणीने पदर खोचला. पण त्या गावात बी धरण्याची एक जुनी रीत होती. बियाण्याचं झाड सोवळ्यातलं मानायचे. फळ रंगावर येताच चांगल्या झाडाला दोरा बांधायचा, आणि मग त्या झाडाचं एकही फळ तोंडात घालायचं नाही. एखाद्या झाडाला पाखराने चोच मारली, तर ते उष्टं. ते उपटून बांधाबाहेर टाकायचं.

माळणीने ही रीत काकणभर जास्तच पाळली. न्हाऊन मळ्यात जायची, सगळ्यांत गोल, सगळ्यांत लाल फळांचं झाड शोधायची आणि दोरा बांधायची. उष्टी झाडं शोधून शोधून उपटायची. दरवर्षी फळं अधिकच देखणी होत गेली. चौथ्या वर्षी तर राजवाड्यातून मागणी आली, मात्र पंगतीत वाढायला नव्हे, तबकात रचून ठेवायला.

गाव म्हणालं, "माळणीने नाव काढलं!"

माळणीने बिनदोऱ्याच्या झाडाचं एक फळ फोडलं, मीठ लावलं आणि तोंडात घातलं. रंग दिलेलं पाणी प्यावं तसं लागलं. उरलेलं तिला गिळवेना. लोकांना तिच्या मळ्यात सगळं दिसत होतं आणि तिला हवं होतं तेवढंच तिथे नव्हतं. जेवायला बसली की घास हातात राही आणि जीभ ती चव आठवत बसे. हळूहळू ती आठवणही पुसट होऊ लागली, आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

गाडग्याच्या तळाशी माळ्याच्या हातच्या शेवटच्या फळांचं चिमूटभर बी उरलं होतं. तिने मोजलं, तर एकोणीस दाणे. यातूनही ती चव आली नाही, तर जगात ती कुठेच उरणार नव्हती. हात जोडून तिने ते पेरले.

पुन्हा एकोणीस झाडं, एकोणीस तऱ्हा. त्यांतलं एक कुबडं झाड कोपऱ्यात होतं. फळं लहान, देठाशी हिरवी राहिलेली, अगदीच बेंगरूळ. आणि एक बुलबुल रोज सकाळी येऊन नेमका त्याच झाडावर ताव मारायचा. शेजारच्या लालबुंद फळांकडे ढुंकूनही बघायचा नाही.

तिसऱ्या दिवशी माळीण ते झाड उपटायला गेली. तिने बुडाशी हात घातला, तोच बुलबुल कुंपणावरून ओरडला, "अगं बाई, माझ्या न्याहारीवर का उठलीस?"

"तू उष्टं केलंस याला. आता याचं बी धरता येणार नाही."

"मग कुणाचं धरणार?"

"त्या गोल, लाल फळांचं."

"ती गोड आहेत का?"

माळीण म्हणाली, "ते मला कसं कळणार? बियाण्याचं झाड चाखत नाहीत."

बुलबुल मान तिरकी करून हसला. "तुझा धनी चाखायचा. दोन्ही कोपऱ्यांतलं प्रत्येक झाड चाखायचा आणि मगच दोरा बांधायचा. मी एका फांदीवर, तो खाली. किती वर्षं आम्ही दोघांनी बरोबर न्याहारी केली!"

"खोटं! ह्यांनी रीत मोडली असती, तर मला सांगितलं असतं."

"सांगितलं असतं, तर तू त्याला मळ्यात पाऊल टाकू दिलं असतंस का?"

माळणीचा हात झाडावरून सुटला. तिला धोतराच्या सोग्यावरचे तांबूस डाग आठवले. दरवर्षी बी धरायच्या दिवसांत पडणारे. "काय लहान मुलासारखं सांडून खाता!" असं म्हणत ती ते दगडावर घासून काढायची, आणि माळी नुसता मिशीत हसायचा. इतकी वर्षं ते डाग तिने स्वतःच्या हातांनी धुतले होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

ती तिथेच मातीत बसली. बुलबुलाने टोचलेलं फळ तिने तोडलं आणि त्याच्या चोचीच्या खुणेशेजारीच दात लावले. आधी आंबट, मग गोड. रेंगाळणं अजून कमी होतं, पण ओळख पटली. रस हनुवटीवरून पदरावर ओघळला आणि माळीण पोटभर रडली.

त्या झाडाला तिने दोरा बांधला. गावात कुजबुज झाली, "माळीण बाटली." ती म्हणाली, "बाटले तर बाटले." पुढच्या वर्षी तिने प्रत्येक झाड चाखलं, मग दोरा बांधला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सहाव्या वर्षी मळाभर झाडं आली आणि सगळ्यांच्या फळांना तीच एक चव होती. आता पराग लावायला नकोत, दोन कोपरे राखायला नकोत. बी पेरलं की आपल्या आईसारखंच झाड यायचं.

हंगामातलं पहिलं फळ घेऊन माळीण बांधावर बसली. हाताने फोडलं, मीठ भुरभुरवलं. एक अर्धं तिने खाल्लं, आणि गिळून झाल्यावरही ते तोंडात रेंगाळलं. दुसरं अर्धं तिने शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"तुमचं मोठं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने बुलबुल आला आणि त्याने ते खाल्लं. माळणीने त्याला हाकललं नाही. घरी जाताना तिच्या पदरावर तांबूस डाग होता. तो तिने धुतला नाही.

त्या गावातली रीत पुढे बदलली. आता तिथे आधी झाड चाखतात, मग दोरा बांधतात.

तात्पर्य: ज्या गुणाची आस आहे तो गुणच पारखून घ्यावा, नुसतं रूप जपत बसलं, तर हातात रूपच उरतं.