येरमोलायने सोडलेली फट

“पण मला ते दार उघडून कोण देणार, तेवढं सांगा.”

इंजिनियरने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाजात अदब होती. दुसऱ्यांदा नुसताच आवाज होता. आता तिसऱ्यांदा तर झऱ्यावर पाणी प्यायला आलेली शेळीसुद्धा त्याच्याकडे बघू लागली.

म्हाताऱ्या साधूने बघितलं नाही. तो एक रिकामं लाकडी पिंप झोपडीतून झऱ्याकडे गडगडत आणत होता.

“पाखोमी बाबा, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकू येतंय. खालच्या गावातही येत असेल.”

इंजिनियरचं नाव ग्लेब अर्काद्येविच. वय बत्तीस, पीटर्सबर्गचं शिक्षण, कोटाला पितळी बटणं, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. तो आज टेकडी चढून या साधूच्या झोपडीपर्यंत आला होता, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं हे समजून घ्यावं.

खाली कालवा दिसत होता. वोल्गेकाठचं धान्य उत्तरेला राजधानीपर्यंत नेणारा तो जुना मारिन्स्की जलमार्ग. मनात आणला पीटर झारने, पुरा झाला शंभर वर्षांनी, आणि नाव लागलं एका राणीचं. काठावर दगडी खांब आहेत, त्यांवर राजेराण्यांची नावं आहेत. ज्यांनी कंबरभर चिखलात उभं राहून तो खणला, त्यांचं नाव एकाही खांबावर नाही. त्याबद्दल आता रागावून उपयोग नाही, पण रागवायचं सोडूही नये.

जमीन जिथे चढते तिथे धान्य नेणाऱ्या नावांना पाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पायरी म्हणजे दोन जाड लाकडी दारांच्या मधला हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौद भरायचा. पाणी चढतं, नाव चढते, मग पुढचं दार उघडायचं.

शतक संपत आलं तशा नावा मोठ्या झाल्या आणि पायऱ्या लहान पडू लागल्या. म्हणून सरकारने सगळा जलमार्ग नव्याने बांधायला काढला. पुढे सत्तर वर्षांनी तोही पुरेना, मग काँक्रीटच्या मोजक्याच पण प्रचंड पायऱ्या आल्या, ती गोष्ट वेगळी. तेव्हा सगळं लाकडाचं होतं, आणि त्यातली एक नवी पायरी ग्लेबच्या वाट्याला आली होती.

तिचं वरचं दार चार दिवसांपासून अडकून बसलं होतं.

“एक्केचाळीस नावा उभ्या आहेत,” ग्लेब म्हणाला. “सगळ्या धान्याने भरलेल्या. शनिवारी राजधानीतून पाहणीला माणसं येतायत. दार उघडलं नाही तर माझी नोकरी गेली.”

“तोड मग कुऱ्हाडीने.”

“तोडलं तर खालचं दार उघडताच वरच्या तळ्याचं पाणी निघून जाईल. उन्हाळाभर एक नाव हलणार नाही.”

“हं.”

“सुतार म्हणतात, दार ज्याने बांधलं त्यालाच ठाऊक कुठला बोल्ट आधी काढायचा. आणि ते बांधलं तुमच्या येरमोलायने.”

पाखोमी थांबला.

साधू होण्याआधी चाळीस वर्षं पाखोमी पाण्याची दारं बांधायचा. येरमोलाय हा त्याने हाताखाली घडवलेला शेवटचा सुतार. पोटच्या पोरासारखा म्हटलं तरी चालेल.

“माझा येरमोलाय?” तो म्हणाला. “गेल्या शरदात तर तो तुझा होता.”

ग्लेबच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी त्याला उगीच काढलं नाही. त्याने फळ्यांमध्ये फटी सोडल्या होत्या. नवं कोरं दार, आणि आरपार उजेड दिसत होता. मी त्या फटी ताग आणि डांबर ठोकून बुजवून घेतल्या. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.”

“आणि मग पाणी आलं.”

“… आलं.”

“फळ्या फुगल्या. फुगायला जागा नव्हती, म्हणून वाकल्या. बोल्ट ओढले गेले. दार पिळलं आणि बसलं.”

“मी इथे दोष ऐकायला आलेलो नाही.”

“मग हे पिंप भर. वर्षभर कोरडं पडलंय. मला त्यात बीट आंबवायचंय.”

ग्लेब बघतच राहिला. खाली एक्केचाळीस नावा खोळंबल्या होत्या, आणि या म्हाताऱ्याला बीट आंबवायचं होतं.

“बाबा, ही झोपडी कालव्याच्या जमिनीवर आहे. मी एक कागद लिहिला तर…”

“लिही. आधी भर.”

बादली झऱ्याशीच पडली होती. ग्लेबने ती उचलली, कारण म्हाताऱ्याकडून उत्तर हवं असेल तर दुसरा इलाज नव्हता. त्याने एक बादली ओतली. पिंपाच्या सगळ्या फटींतून पाणी बाहेर आलं आणि सरळ त्याच्या बुटांवर पडलं.

“हे गळतंय.”

“दिसतंय.”

त्याने दुसरी ओतली, तिसरी ओतली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. सातव्या बादलीला त्याने पिंपाला लाथ मारली.

“चिंध्या द्या. बुजवून टाकतो.”

म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ असा सकाळच्या उन्हात समोर उभा होता.

“ओत,” तो म्हणाला.

ग्लेब ओतत राहिला. ऊन डोक्यावर आलं. झऱ्यापासून पिंपापर्यंतच्या वाटेचा चिखल झाला. तो मनातल्या मनात म्हाताऱ्याला, येरमोलायला, सुतारांना आणि ज्याने त्याची इथे नेमणूक केली त्याला शिव्या देत होता. वाकून वाकून पाठ भरून आली, तेव्हा त्याला दिसलं की धारा बारीक झाल्या आहेत. काही फटी तर मिटल्याच होत्या.

“कळलं?” पाखोमीने विचारलं.

यावर मात्र ग्लेबने बादली फेकली.

“मला शिकवता? लाकूड फुगतं हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? सहा वर्षं शिकलोय मी. कुठलं लाकूड किती फुगतं ते आकड्यांत सांगतो.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“अर्थात ठाऊक होतं.”



 आपण काय बोलून बसलो ते ग्लेबला आता कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“… फटी बुजवल्यास तेव्हाही ठाऊक होतं?”

ग्लेब बुटांवरचा चिखल झाडू लागला.

“विचारतोय मी.”

“होतं.”

“मग?”

ग्लेबने ओल्या बाहीने तोंड पुसलं. गेले सहा महिने हा प्रश्न त्याने स्वतःलाही विचारू दिला नव्हता.

“मी सगळ्यांसमोर म्हणालो, या फटी कसल्या? तो म्हणाला, साहेब, पाणी आलं की लाकूड जागा मागतं. बरोबरच होतं ते. बघताक्षणी मला कळलं की बरोबर आहे. पण मागे तीस-चाळीस माणसं उभी होती आणि त्यातला एक हसला. येरमोलाय नाही हसला. दुसराच कोणीतरी. तेव्हा… मी म्हणालो, बुजवा.”

“आणि त्याला काढलंस.”

“तो म्हणाला, मी बुजवणार नाही. म्हणून काढलं.”

“घरही काढून घेतलंस.”

“ते घर दाराच्या राखणदाराचं असतं. नियमच आहे.”

“आणि त्याच्या कागदावर लिहिलंस, हुकूम मोडणारा माणूस. म्हणून त्याला कुठे सुतारकाम मिळालं नाही. तोही नियम?”

ग्लेब ओली बाही पिळू लागला.

“त्याची बायको इथे आली होती,” पाखोमी म्हणाला. “नोव्हेंबरात. दोन्ही मुली बरोबर. धाकटीच्या अंगात ताप होता आणि पायांना फडकी गुंडाळली होती.”

त्याने खाली पडलेली बादली उचलली. ती त्याच्या हातात खडखडत होती. ग्लेबला आधी वाटलं, म्हातारपण असेल. मग त्याने वर पाहिलं.

इतका वेळ त्याला वाटत होतं की हा शांत माणूस आहे. साधू शांत असतात असं आपण गृहीत धरतो. हा शांत नव्हता. दाढीतली हनुवटी कापत होती, आणि त्याचे डोळे असे होते की ग्लेब एक पाऊल मागे सरला.

“सहा महिने,” पाखोमी म्हणाला, “मी गुडघे टेकतो आणि प्रार्थना तोंडातून निघत नाही. तुझं नाव निघतं. तू मूर्ख आहेस असं समजून मी तुला माफ करायला निघालो होतो. मूर्खाला माफ करता येतं. आता तर तू तेही ठेवलं नाहीस.”

शेळी केव्हाच निघून गेली होती. पिंपाच्या बुडातून अजून थेंब पडत होते.

“मूर्ख असतो तर बरं झालं असतं,” ग्लेब म्हणाला. हे त्याने कोणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं.

“हो. बरं झालं असतं.”

“… मुलगी कशी आहे?”

“जगली. इतक्या उशिरा का होईना, विचारलंस.”

 खाली कालव्यावर कोणीतरी नावेच्या टपावर भांडत होतं. वाऱ्याबरोबर शब्द नाही, नुसती कटकट वर येत होती.

“येरमोलाय कुठे आहे?” ग्लेबने विचारलं. या खेपेला आवाज चढला नाही.

“तुझ्या दाराशी.”

“माझ्या?”

“पहिल्या नावेचा मालक गरीब आहे. घोडी परवडत नाहीत त्याला, माणसांकडून ओढून घेतो. त्या दोरीला आठ माणसं आहेत. तू तोंडं पाहिलीस त्यांची?”

ग्लेबने पाहिली नव्हती. दोर ओढणाऱ्यांची तोंडं कोण बघतं? छातीला पट्टा लावलेली आठ माणसं चार दिवस काठावर बसून होती, एवढंच त्याला आठवलं. त्यातला एक टोपी डोळ्यांवर ओढून अगदी दारापाशी बसायचा. काल ग्लेब त्याच्या पायाला अडखळला होता.

पाय आवरून बस, असं तो त्याच्यावर ओरडला होता.

त्या माणसाने पाय आवरून घेतले होते.

“चार दिवस…” ग्लेब खाली काठाकडे पाहू लागला. “चार दिवस तो माझ्यासमोर बसलाय. मी सुतारांवर ओरडत होतो ते ऐकत होता. कुठला बोल्ट काढायचा ते त्याला ठाऊक होतं. मग बोलला का नाही?”

“बोलला होता ना,” पाखोमी म्हणाला. “शरदात.”

ग्लेब पिंपाच्या काठावर हात टेकून उभा राहिला. आत पाणी आता अर्ध्याच्या वर टिकून होतं. काय करायचं ते त्याला सुचत होतं. सवयीप्रमाणे ते एकेक करून सुचत होतं, आराखडा मांडावा तसं.

“त्याला कचेरीत बोलावतो. कागदावरचा शेरा खोडतो. घर परत देतो. आजच. माफीसुद्धा मागतो. दार लावून, निवांतपणे…”

“काढलंस तेव्हा दार लावलं होतंस?”

“… नाही.”

“कुठे काढलंस?”

“काठावर. सगळ्यांसमोर.”

पाखोमीने बादली त्याच्या हातात दिली. ग्लेबने ती मुकाट्याने घेतली, झऱ्यात बुडवली, आणि भरलेली बादली हातात धरून तसाच उभा राहिला. खाली काठावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. तीसेक सुतार, चाळीसेक नावाडी, आणि दोरीची आठ माणसं. त्या सगळ्यांच्या देखत त्या एकाच्या पुढे जाऊन उभं राहायचं होतं. काय म्हणायचं ते ठाऊक होतं. तेवढं म्हणायलाच त्याची जीभ रेटत नव्हती.

“जाईन मी,” तो शेवटी म्हणाला. “काठावर जाईन. सगळ्यांसमोर सांगेन, तू बरोबर होतास आणि मला तेव्हाच ठाऊक होतं.”

त्याने हातातली बादली पिंपात ओतली.

“पण त्याने नाही म्हटलं तर? सगळ्यांसमोर? मग मी काय करायचं?”

पाखोमीने त्याच्याकडे पाहिलं. पितळी बटणांपासून खाली, गुडघ्यापासून ठिबकणाऱ्या पँटपर्यंत. राग त्याच्या तोंडावर होता तिथेच होता.

“मग आणखी भीज,” तो म्हणाला.