दरवाजा आणि साखरेची हत्तीण

गडांचे दरवाजे बोलत, त्या काळी एका गडाला वर्षभर वेढा पडला होता. हत्तीने धडक मारू नये म्हणून गडाच्या दरवाजाला बाहेरून लांब लोखंडी खिळे ठोकले होते. शत्रूची हत्तीण चंपा दोनदा धावून आली आणि दोन्ही वेळा रक्ताळलेलं कपाळ घेऊन परतली.

मग एका सकाळी तह झाला. पहारेकरी हैबतीने नाचतच अडसर काढला, पण दरवाजा काही हलेना.

"हत्तीण परत येतेय!" दरवाजा गुरगुरला.

दरवाजाच्या पोटात एका माणसापुरतं छोटं दार होतं, दिंडी. ती खुदकन हसली. "अरे दादा, तिच्या पाठीवर तर बघ! साखरेची पोती आहेत."

"मग साखर जाऊ दे तुझ्यातून."

"साखर जाईल रे, पण हत्तीण कशी जाईल? एवढ्या आनंदाची साखर हत्तीवरूनच वाटायची असते!"

चंपा खिळ्यांपासून जरा लांबच थांबली. सोंड लांबवून तिने दिंडीतून हैबतीच्या ओंजळीत साखर ओतली. आत पोराबाळांचा एकच गलका उठला.

आता दरवाजाला तिच्या कपाळावरचे वण दिसले. ते कुणी केले, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

बिजागऱ्या कुरकुरल्या. वर्षभरात पहिल्यांदा दरवाजा सताड उघडला.

"या चंपाबाई," तो हळूच म्हणाला, "पण जरा अंग चोरून या. माझे खिळे बोचतात."