उपमेवाचून

पूर्वी चंपकनगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे मंत्री होते. त्याच नगरीत भद्रक धनुर्धराची तरुण बायको उत्पला हिचा काळजीनं डोळ्याला डोळा लागत नव्हता. सेनापती चौकाचौकांत सांगत होते, “राज्य म्हणजे देह. नदीपलीकडचे कोळी म्हणजे त्यावरचं गळू. गळू कापावंच लागतं.” भद्रकानं बाणांना धार लावली. त्यांची छोटी लेक सुमना बाहुलीचं गळू कापू लागली. आणि पंचाईत अशी, की ऐकताना उत्पलेनंही मान डोलावली होती. इतकी शिकलेली, पण भाषण छान वाटलं.

चढाईवर मत घेण्याच्या सभेच्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन सभागृहाच्या पायरीवर उभी राहिली. सेनापती बोलले, लोक डोलले.

राजा म्हणाला, “मंत्रिवर, उपमा द्यावी तर तुम्हीच. याला तोड काढा.”

बोधिसत्त्वांच्या मनात उपमा तयार होती, सेनापतींच्या उपमेहून सरस. पण लोक दोन उपमा तोलत बसतील आणि कोळ्यांची गावं विसरतील, हे त्यांनी ओळखलं. त्या सभेची जुनी रीत होती: मताच्या शलाका, म्हणजे होकाराच्या काड्या, उचलण्याआधी कुणी ‘उघडं सांगा’ म्हटलं, की बोलणाऱ्यानं तेच उपमेवाचून सांगायचं. सेनापतींना असं विचारलं की विचारणाऱ्याचं पद जायचं, म्हणून ती रीत मागे पडली होती.

बोधिसत्त्व म्हणाले, “सेनापती, उघडं सांगा.”

“सांगितलं की. गळू…”

“गळू नको. काय करायचं?”

“पलीकडची गावं जाळायची.”

“गावांत कोण?”

“कोळी. त्यांच्या बायका.” सेनापती थांबले. “मुलं.”

राजानं मान खाली घातली. एकही शलाका उचलली गेली नाही.

सभा उठली तशी उत्पला मंत्र्यांच्या पायांशी वाकली. “आपण म्हणजे या नगरीवरचं छत्र…”

“उघडं सांग, बाई.”

ती ओशाळून हसली. “माझा नवरा आज घरी जेवायला येणार. तुमचे फार उपकार झाले.”

तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. सेनापती म्हणजे आज संघात सर्वांत कमी बोलणारा भिक्षू. मायलेकी म्हणजे श्रावस्तीची एक उपासिका आणि तिची मुलगी, आणि मंत्री स्वतः तथागत. टाळ्यांचा मोह सोडून त्यांनी त्या जन्मी सत्यपारमिता पाळली. उत्पलेच्या आभारांना उत्तर द्यायला मात्र त्यांना सवड मिळाली नाही, कारण सुमना मध्येच म्हणाली, “आई, हे आजोबा पण येणार जेवायला?”